कोब्यावर आठ तास

बूट हा काही दिवाळी अंकात लिहिण्याजोगा विषय नव्हे, असे आमच्या घरचे मत पडले. दिवाळीला लोक फराळावर लिहितात, प्रवासावर लिहितात, फारच झाले तर शेजाऱ्यांवर लिहितात. "तुम्ही बुटांवर लिहिणार? आणि तेही कारखान्यातल्या?" असे म्हणून सौभाग्यवतींनी कढईतली करंजी अशी काही उलटली, की तेल उडून माझ्याच पायावर पडावे! पण यंदाचा सबंध पावसाळा आमच्या घरात बुटांनीच गाजवला, त्याला मी काय करू? जो विषय घरात चार महिने ठाण मांडून बसला, तो कागदावर उतरल्याखेरीज जायचा नाही.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. माझा जन्म उभ्याने गेला. म्हणजे 1984 साली उमेदवार म्हणून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागलो, तो निवृत्त होईतो लेथपुढे उभाच होतो. माझे वडील माथाडी. मशीद बंदरच्या दाणा बाजारात पाठीवर पोती वाहण्यात त्यांची हयात गेली आणि 1990 नंतर बाजार तुर्भ्याला आला तेव्हा शेवटची काही वर्षे त्यांनी इकडे काढली. त्यांच्या पायात कामावर कधी काही नसे. अनवाणी पायाला फळी कळते, असे ते म्हणत. ते खरेही होते. ट्रकवर टाकलेल्या फळीवरून शंभर किलोचे पोते घेऊन चढायचे, तर बोटांनी फळी धरावी लागते. पण रात्री जेवण झाले की ते भिंतीशी सरकून पाठीवर निजत आणि दोन्ही पाय भिंतीला उभे टेकवून ठेवीत. पंधरा-वीस मिनिटे कुणाशी बोलत नसत. आम्हा पोरांना वाटे, ही वडिलांची काही उपासना असावी.

त्या उपासनेचा अर्थ मला चाळिशीत कळला. माझ्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरांचे गाठोडे दिसू लागले तेव्हा डॉक्टरांनी नेमके तेच करायला सांगितले. त्यांनी कागदावर पायाचे चित्र काढून समजावले, ते तसेच सांगतो. पायातले रक्त वर हृदयाकडे जायचे, तर त्याला चढ चढावा लागतो. त्या चढावर ढकलणारा पंप म्हणजे आपली पोटरी. माणूस चालला, की पोटरी आवळते, सैल होते, रक्त वर जाते. मागे फिरू नये म्हणून शिरांत झडपा असतात. चालणाऱ्या माणसाचा पंप चालू, आणि एका जागी उभ्या राहिलेल्याचा बंद! मग रक्त खाली साचते, पाय सुजतात, झडपांवर ताण पडतो. म्हणून आठ कोस चाललेला वारकरी संध्याकाळी भजनाला उभा राहतो आणि आठ तास एका जागी उभा राहिलेला कामगार घरी येऊन भिंत शोधतो.

त्यात सिमेंटचा कोबा. आमच्याकडे आयाबायांचा समज असा, की कोब्याचा गारवा पायात शिरतो आणि म्हणून पाय दुखतात. गारव्याला मी दोष देणार नाही. कोब्याचा दोष एवढाच, की तो दबत नाही. शेणाने सारवलेली जमीन थोडी दबते, लाकडी फळी थोडी लवते. कोबा तसूभर हटत नाही. मग जी लवचीकता जमिनीने दाखवायची ती टाचेने, गुडघ्याने आणि कमरेने दाखवायची. आमच्या जुन्या फोरमनसाहेबांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. त्यांनी प्रत्येक लेथपुढे लाकडी पट्ट्यांची एकेक जाळी टाकून घेतली होती. नवे साहेब आले, त्यांना ती जाळी अडगळ वाटली, आणि एका रविवारी ती भंगारात गेली. सोमवारी दुपारपर्यंत सबंध खात्याच्या कमरा बोलू लागल्या!

असो. सांगायचे होते ते मुलीचे.

आमची धाकटी यंदा जूनमध्ये एका गोदामात कामाला लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पूर्वी जिथे रसायनांच्या चिमण्या दिसत, तिथे आता अशी गोदामे पुष्कळ झाली आहेत. लोकांनी घरबसल्या मागवलेल्या वस्तू खोक्यांत भरायच्या, चिकटपट्टी लावायची आणि पुढे सरकवायच्या, हे तिचे काम. टेबल उंच, बसायला काही नाही, खाली गुळगुळीत कोबा. नोकरी ठेकेदाराची, पहिले सहा महिने कच्चे. कामावर लोखंडी टोपीचे बूट घालणे सक्तीचे होते. ते ठेकेदाराने दिले आणि पहिल्या पगारातून सहाशे रुपये कापून घेतले.

तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सकाळी मी चहा घेत होतो. मुलगी अंथरुणातून उठली आणि भिंतीला हात धरून चालू लागली. सात-आठ पावले अशी, मग नीट. मी पेपर खाली ठेवला.

"काय झाले ग?"

"काही नाही बाबा. सकाळी जरा टाच धरते. मग सुटते."

सकाळी धरते आणि मग सुटते! हे लक्षण मी खात्यातल्या पाच-पन्नास माणसांत पाहिलेले. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक चिवट पट्टा असतो. उभे राहून राहून तो दुखावतो, रात्रभर आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला ओढ बसली, की कळ मारतो. पुढे दिवसभर बरे वाटते, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि दुखणे मुरते. मी म्हटले, "बूट आण तुझे."

बूट आणले. आत एकावर एक दोन मोजे कोंबलेले. नंबर पाहिला तर पाच, आणि बूट पुरुषी. तिच्या पायाला चार नंबर लागतो. "चार आला नाही म्हणाले. पाच घे नाहीतर घरी जा म्हणाले," असे ती हसत म्हणाली. एका नंबराने काय होते, असे वाचकांना वाटेल. आपल्याकडे चालतो तो इंग्रजी नंबर. तिकडे पूर्वी जवाच्या दाण्याने लांबी मोजीत. तीन दाण्यांचा एक इंच. एक नंबर म्हणजे एक दाणा, साडेआठ मिलिमीटर. दिसायला दाणाच, पण त्या दाण्याएवढ्या जागेत पाय दिवसभर पुढे-मागे घसरतो. घसरू नये म्हणून बोटे आतून बूट पकडून धरतात. आठ तास मूठ आवळून बसा, म्हणजे काय होते ते कळेल! शिवाय बाईच्या पायाची ठेवण निराळी. चवड्याच्या मानाने टाच अरुंद. पुरुषी साच्याच्या बुटात चवडा बसला तरी टाच आत खुळखुळ्यासारखी वाजते.

आता माझा शहाणपणा ऐका. सौभाग्यवतींना मधुमेह आहे, त्या एम. सी. आर. चपला वापरतात. या मऊ रबराची कथा मोठी आहे. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करू लागले. त्या रोग्यांच्या पायांना संवेदना नसे, म्हणून एकाच जागी भार पडून पडून जखमा होत आणि त्यांना त्या कळतही नसत. ब्रँडसाहेबांनी पाहिले, की भार कमी करता येत नाही, पण पसरवता येतो. बारीक छिद्रांच्या मऊ रबराचा तळ दिला, की तोच भार सगळ्या तळव्यावर वाटला जातो. तेच रबर आज आपल्याकडे मधुमेहींच्या पायांत असते. मी विचार केला, हे रबर मुलीच्या बुटात का घालू नये? स्टेशनजवळच्या कारागिराकडून बोटाएवढ्या जाडीचा तुकडा कापून घेतला आणि बुटात बसवला. मुलगी दुसऱ्या दिवशी घरी आली ती दोन्ही टाचांमागे फोड घेऊन! पाय रबरावर उंच झाला, टाच बुटाच्या कडेच्या वर आली आणि कड घासत राहिली. लांबीतली ढिलाई होती तिथेच होती. चुकीच्या बुटात चांगली वस्तू घातली, तर बूट सुधारत नाही.

माझी ही पहिलीच चूक नव्हे. उमेदवारीच्या पहिल्या वर्षी रविवारी सकाळी अंघोळ करून, ताज्या पायांनी मी बूट घ्यायला गेलो होतो. पाय अगदी चपखल बसला. दुकानदार म्हणाला, "कातडे आहे, सैल होईल." कातडे रुंदीला थोडे सैल होते, पण लोखंडी टोपी कुणाच्या बापाला ऐकते? संध्याकाळी सुजलेला पाय त्या टोपीत मावेना. महिन्याच्या आत उजव्या अंगठ्याचे नख काळे पडून गळाले. तेव्हापासून बूट संध्याकाळी, पाळी सुटल्यावर घ्यायचा, हा माझा नेम आहे.

दुसरी चूक त्याहून नामी. एकदा कारखान्याने मोठे छान बूट दिले. हलके, मऊ तळाचे. मी म्हटले, जुने अजून चालताहेत, हे ठेवू. माळ्यावर खोक्यात ठेवले ते चार-पाच वर्षे राहिले. मग परदेशचे पाहुणे खाते पाहायला येणार म्हणून मी ते खास काढले. पाहुणे आले, मी यंत्र चालवून दाखवले, चार पावले मागे सरलो, तो कोब्यावर काळा भुगा! पाव कुस्करावा तसा तळ कुस्करून पडत होता. साहेबांनी पाहिले, पाहुण्यांनी पाहिले. मी वरचा बूट तेवढा घालून मोज्यांनी चालत होतो म्हणा ना! पुढे कळले, की पॉलियुरेथेन नावाच्या या मऊ तळाला हवेतला दमटपणा हळूहळू फोडतो. ठेवला तरी तो म्हातारा होतोच. नवी मुंबईच्या पावसाळ्यात तर बोलायलाच नको. म्हणून असा बूट साठवून ठेवू नये, वापरून संपवावा. आणि दुकानात स्वस्त म्हणून मिळाला, तर तो किती वर्षे खोक्यात होता ते तळाखालच्या छापावर पाहावे. बहुतेक बुटांवर साचा कोणत्या महिन्याचा ते कोरलेले असते.

तेव्हा या खेपेला मी शहाणपणा बाजूला ठेवला आणि आजोळच्या चप्पल शिवणाऱ्या काकांची आठवण केली. ते कधी नंबर विचारीत नसत. कागदावर पाय ठेवायला सांगत आणि पेन्सिलीने रेघ मारून घेत. शनिवारी रात्री मुलगी कामावरून आली तशीच तिला वर्तमानपत्रावर उभी केली. दोन्ही पायांवर सारखा भार, नजर समोर, पेन्सिल सरळ. रेघ दुसऱ्याने मारायची. स्वतः वाकले की पाय सरकतो. रेघा पाहिल्या तर डावा पाय उजव्यापेक्षा दीड-दोन मिलिमीटर लांब. बहुतेकांचे पाय असे सावत्र भावांसारखेच असतात. बूट घ्यावा तो मोठ्या पायाचा.

तो कागद घडी करून रविवारी नव्हे, सोमवारी संध्याकाळी आम्ही बापलेक वाशीहून हार्बरने मशीदला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटला गेलो. यंत्राचा सुटा भाग, पट्टा, हातमोजा, काय वाटेल ते या गल्लीत मिळते. पहिल्या तीन दुकानांत एकच उत्तर. "लेडीज? पाचच्या खाली नाही." चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या शेठनी चष्मा वर करून मुलीच्या पायांकडे पाहिले, पोऱ्याला माळ्यावर चढवले आणि तीन खोकी खाली उतरवली. मी वर्तमानपत्र पसरले. शेठ हसले. "इतकी वर्षं धंदा करतोय, पाय कागदावर घेऊन कोणी आलं नाही!"

त्या दुकानात आम्ही तासभर होतो. पहिला बूट चार नंबरचा, मजबूत, पण हातात धरून वाकवला तर मध्यावर मुडपला. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, जिथे पाय वाकतो तिथे. मध्यावर वाकला तर तळव्याला आधार राहिला नाही. आणि कुठेच वाकत नसेल, तर तो बूट नसून खडाऊ. दुसऱ्याचा आतला सुखतळा बाहेर काढून त्यावर मुलीला उभी केली. (सुखतळा हा आपला जुना शब्द. ज्याने तो घडवला त्याने नक्की कधीतरी दिवसभर उभे राहून पाहिले असणार.) करंगळीची कड सुखतळ्याबाहेर आली. म्हणजे बूट अरुंद. तो घातल्यावर पाय आत आवळला जाणार. तिसरा बसला. अंगठ्यापुढे अर्ध्या इंचाची जागा, टाच धरलेली, नाडी आवळल्यावर पाय पुढे सरकेना. तळ दुहेरी, वरचा थर मऊ आणि जमिनीकडचा कठीण. सगळाच मऊ तळ घेऊ नका, असे शेठही म्हणाले. गादीवर उभे राहायला पहिली पाच मिनिटे मजा वाटते. पुढे तोल सांभाळण्यातच पाय थकतात.

आय. एस. 15298 हा आकडा आणि आय. एस. आय. ची खूण मी भिंग लावून पाहिली. या मानकाच्या दुसऱ्या भागातल्या बुटाची टोपी 200 ज्यूलचा आघात सोसते. म्हणजे वीस किलोचे वजन एक मीटरवरून बोटांवर पडले, तरी बोटे शाबूत. नुसती टोपी असलेले, खूण नसलेले बूट रस्त्यावर पुष्कळ मिळतात. ते दिसतात बुटासारखे, एवढेच.

किंमत ऐकून मुलगी माघारी वळली. "बाबा, पंधराशे! माझे आठवड्याचे..." पुढचे मी ऐकले नाही. गळालेले नख आणि पोटरीवरच्या शिरा यांची किंमत मी कधी वहीत मांडली नव्हती, पण त्या दुकानात ती आपोआप मांडली गेली.

बुटाने टाच लगेच बरी झाली, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी रोज अंथरुणातून उठण्याआधी पायाला टॉवेल लावून चवडा अंगाकडे ओढायला आणि संध्याकाळी थंड पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवायला सांगितले. घरी अनवाणी फरशीवर फिरायची बंदी झाली, त्यावरून सौभाग्यवतींचा आणि डॉक्टरांचा अबोला आहे. देवघरात चप्पल कशी घालायची? शेवटी देवघरापुढे जुनी सतरंजी दुमडून घातली. बूट रोज ओला होई, तेव्हा रात्री सुखतळा काढून ठेवायचा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे, हे काम माझ्याकडे आले. दोन जोड आलटून पालटून घातले तर उत्तम, पण दुसऱ्या जोडासाठी दिवाळीचा बोनस यायचा होता. ठेकेदाराच्या कामगाराचा बोनस म्हणजे मृगाचा पाऊस. येईल तेव्हा खरा.

राहता राहिला कोबा. मुलीच्या टेबलाशी काम करणाऱ्या मुलींनी आपली युक्ती काढली होती. रिकामी खोकी चपटी करून पायांखाली घालायची. तेवढ्यानेही पायाला हायसे वाटे. पण पर्यवेक्षक ती उचलून नेई. म्हणे, कुणी अडखळून पडेल. त्याचेही चूक नव्हते. मग मी जुन्या युनियनच्या दिवसांतली पुस्तके काढली. 1948 च्या कारखाना कायद्यात 44 वे कलम होते. उभ्याने काम करणाऱ्यांना, कामात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची सोय हवी. 2020 च्या नव्या संहितेतही ही सोय राहिली आहे, आणि सुरक्षेच्या वस्तूंबद्दल कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, असेही तिच्यात म्हटले आहे. गोदामाला कारखाना म्हणायचे की दुकान, हा वाद वकिलांचा. पण दुकानांपुरतेही केरळने 2018 साली आणि तमिळनाडूने 2021 साली बसण्याचा हक्क कायद्यात लिहिला. केरळात तो मिळाला, तो कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायांनी वर्षानुवर्षे भांडून.

मी म्हटले, "अर्ज लिहितो. सहाशे रुपयेही मागू."

मुलगी गप्प राहिली. मग म्हणाली, "बाबा, डिसेंबरपर्यंत थांबा. कच्चे आहे माझे."

माझ्या हातात पुस्तक होते आणि कलम त्यात छापलेले होते, तरी मी ते मिटले. मीही उमेदवारीत काळे नख घेऊन उभा राहिलो होतो आणि कुणाला बोललो नव्हतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढे सांगतो.

अर्ज शेवटी मुलींनीच केला, तोही निराळा. त्यांनी कलम लिहिले नाही, पैसे मागितले नाहीत. एवढेच लिहिले, की खोक्यांनी अडखळण्याची भीती आहे, तरी त्याऐवजी रबरी चटई मिळावी. पर्यवेक्षकाच्याच कारणाला त्यांनी धरले! गणपती झाले आणि चटई आली. चार टेबलांना मिळून एक. कडेला उतरती आहे, अडखळायला होत नाही. मुलींनी पाळ्या लावल्या आहेत. दोन-दोन तास एकेका टेबलाखाली. बसायला अजून काही नाही, पण टेबलाखाली वीतभर उंचीचे एक खोके ठेवले आहे, त्यावर आळीपाळीने एकेक पाय टेकवतात. त्याने कमरेचा ताण उतरतो. त्या खोक्यावर पर्यवेक्षकाची नजर पडते, पण तो बोलत नाही. परवा तोच पाय टेकवून उभा होता म्हणे.

नवरात्रापासून मुलगी सकाळी भिंत न धरता चालते. पाचची जुनी जोडी बाहेर कट्ट्यावर पडून आहे. तिच्यात पावसाचे पाणी साचले होते, ते मी ओतून टाकले.

गेल्या रविवारी मात्र आमच्या घरात गर्दी झाली. टेबलावरच्या पाच मुली फराळाचे निमित्त करून आल्या होत्या. संध्याकाळची वेळ, सगळ्या कामावरून थेट आलेल्या. फराळ राहिला बाजूला. सौभाग्यवतींनी रद्दीचा गठ्ठा काढला, हॉलमधली खुर्ची सरकवली आणि स्वतःच पेन्सिल घेऊन खाली बसल्या. "सरळ उभी राहा ग, माझ्याकडे बघू नकोस." दहा पाय झाले. प्रत्येकीचे नाव डाव्या पायात लिहिले आहे. एकीला तीन नंबर लागणार, त्याची काळजी आहे. नागदेवीच्या शेठना फोन केला, म्हणाले, "माळ्यावर बघतो. कागद घेऊन या."